चौदा तारखेची जुळवणी
भोसरीतल्या छोट्या कारखान्यांत महिन्याची १४ तारीख उलटली की हिशेबनीस खरेदीची बिलं काढून बसतात. त्या दिवशी जीएसटी पोर्टलवर जीएसटीआर-२बी हे क्रेडिटचं विवरण तयार होतं. पुरवठादाराने दिलेलं बिल त्यात नसेल, तर त्यावरच्या कराचं क्रेडिट अडकतं. दरमहा विवरणपत्र भरणाऱ्यांना जीएसटीआर-३बीसाठी मुदत २० तारखेचीच. अशा घाईत शेकडो बिलं डोळ्यांनी ताडून पाहायला लावणं हा अनुभवी माणसावर अन्याय आहे. पुरवठादाराचा जीएसटी क्रमांक (जीएसटीआयएन) आणि बिल क्रमांक जोडून एक्सेलमध्ये एक्सलूकअप हे सूत्र लावलं, की गळालेली बिलं काही मिनिटांत उघडी पडतात. मात्र ‘००४५’ आणि ‘४५’ एक्सेलला वेगळे वाटू शकतात. क्रमांक आधी एकसारखे करून घ्यावे लागतात. वाचलेल्या वेळात हिशेबनिसाला पुरवठादारांना फोन करता येतात.