‘आय हॅड गॉन’ आणि आमच्या मराठी शाळा

आज जरा लांबलचक लिहितोय, चहा घेऊन बसा.

बेळगाव-निपाणी भागात लग्न असो, वास्तुशांत असो, चार माणसं जमली की एक वाक्य हमखास कानावर पडतं. "आपण मराठी शाळेत शिकलो म्हणून आपलं इंग्रजी कच्चं राहिलं, नातवंडांचं तसं नको व्हायला." बोलणारे बहुतेक माझ्याच वयाचे. जन्मभर बँकेत, विम्यात, पोस्टात इंग्रजी फायली उपसून आज पेन्शन घेणारे. ज्या इंग्रजीवर घर बांधलं, पोरांची शिक्षणं केली, ते कच्चं कसं हो? पण ते जाऊ दे. या वाक्यावर माझा आक्षेप भावनेचा नाही, व्याकरणाचा आहे.

इंग्रजी कच्चं असतं म्हणजे नेमकं कुठं कच्चं असतं? स्पेलिंग मोबाईल सांगतो, शब्दांचे अर्थही तोच सांगतो. घोडं अडतं ते क्रियापदाशी. काल काय झालं आणि उद्या काय होणार, एवढं सांगताना माणसाची खरी परीक्षा होते. तीस-बत्तीस वर्षं बँकेत ग्राहकांचे अर्ज, तक्रारी, खुलासे वाचले. त्यातली सगळ्यात जास्त वेळा दिसलेली चूक सांगतो: "आय हॅड गॉन टु निपाणी यस्टर्डे." आता ही चूक का होते? कारण मराठीत "मी काल निपाणीला गेलो होतो" हे चोख वाक्य आहे. आमचं "गेलो होतो" म्हणजे जाऊन परत आलो. इंग्रजीचं "हॅड गॉन" तसं नाही. त्याला पुढं दुसरी घटना लागते, म्हणजे "मी निघून गेलो होतो आणि मग तो आला" असं काहीतरी. नुसतं कालचं सांगायचं तर "वेंट" पुरे. एवढं एक वाक्य कुणी मराठीतून समजावून सांगितलं तर पोरगं जन्मभर चुकत नाही. न सांगितलं तर एम.बी.ए. होऊनही "आय हॅड सबमिटेड द फॉर्म ऑन मंडे" लिहीत बसतं.

दुसरी चूक, "आय डिड नॉट वेंट." आम्ही "गेलो"ला "नाही" जोडतो, "गेलो नाही", क्रियापद भूतकाळातच राहतं. इंग्रजीत भूतकाळाचं ओझं "डिड" उचलतो आणि मूळ क्रियापद मोकळं होतं. एका व्यवहाराची दोनदा नोंद करायची नसते, असं मी पोरांना सांगतो, लगेच कळतं.

तिसरी, "इफ इट विल रेन, आय विल नॉट कम." इथं तर गंमतच आहे. "पाऊस आला तर मी येणार नाही" यात उद्याच्या पावसाला मराठी भूतकाळाचं रूप देते, "आला". इंग्रजी त्याच जागी वर्तमानाचं रूप घेते. दोघींपैकी कुणीच भविष्यकाळ वापरत नाही, मग पोरगं "विल" आणतं कुठून? नियम नीट न सांगता घोकून घेतल्यामुळं येतं ते. आणि चौथी चूक, "आय ॲम लिव्हिंग हिअर सिन्स ट्वेंटी इयर्स". "मी इथं वीस वर्षं राहतोय" याचं हे सरळ उचलून ठेवलेलं रूप. "हॅव बीन लिव्हिंग" आणि "फॉर" असं तिथं हवं.

आता मुद्द्याची गोष्ट. या चारही चुका इंग्रजी माध्यमातली पोरं तितक्याच धडाक्यानं करतात. टिळकवाडीतली करतात, शहापूरची करतात, निपाणीचीही करतात. कारण पोरगं घरी मराठी बोलतं, गल्लीत मराठी-कानडी-हिंदीचं कालवण बोलतं, आणि डोक्यात वाक्य तयार होतं ते तिथंच. शाळेच्या फाटकावर पाटी इंग्रजी लावली म्हणून डोक्यातलं मराठी बाहेर राहत नाही. फरक एवढाच, की मराठी जाणणारा मास्तर ती चूक कुठून आली हे बोट ठेवून दाखवू शकतो. "मराठी बोललात तर दंड" म्हणणाऱ्या शाळेत ते दाखवायची सोयच नाही. असा दंड घेणारी एक शाळा मला चांगली ठाऊक आहे. तिथल्या पोरांच्या वहीत लाल पेनानं "हॅड" खोडलेलं असतं, का खोडलं ते लिहिलेलं नसतं.

मग शाळा सुटली की पोरगं क्लासला. तिथं बारा काळांचा तक्ता. आडवे तीन काळ, उभे चार प्रकार, बारा खण, भिंतीवर लटकवलेला. तिसाव्या दिवशी पोरगं "आय शॅल हॅव बीन गोइंग" असं घडाघडा म्हणून दाखवतं आणि आई-बाप खूश. मंडळी, सगळ्या नोकरीत "शॅल हॅव बीन गोइंग" लिहायची वेळ माझ्यावर एकदाही आली नाही. रोज लागायचं ते साधा भूतकाळ, "हॅज बीन डेबिटेड"मधला "हॅज बीन" आणि "विल". चार खणांत संसार चालतो, आणि पोराचा वेळ जातो उरलेले आठ खण घोकण्यात.

"शॅल"चंच घ्या. "आय" आणि "वुई"ला "शॅल", बाकीच्यांना "विल", आणि जोर द्यायचा असेल तर उलट. आमच्या पिढीनं हे रेन अँड मार्टिनमधून पाठ केलं. यातला रेन म्हणजे पी. सी. रेन, मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्यात होता आणि पुढं ‘बो जेस्ट’ ही कादंबरी लिहून गाजला. नियम मात्र त्याचा नाही. जॉन वॉलिस नावाच्या इंग्रज गणितज्ञानं १६५३ साली लॅटिनमधून इंग्रजीचं व्याकरण लिहिलं, त्यात हा नियम प्रथम मांडला. आज खुद्द इंग्लंडात बोलताना तो फारसा कुणी पाळत नाही, पण आमच्याकडं क्लासात अजून गुण कापतात. येस्पर्सनसारखे मोठे व्याकरणकार तर म्हणत आले, की इंग्रजीला खरा भविष्यकाळच नाही. "विल" म्हणजे मुळात इच्छा असणं आणि "शॅल" म्हणजे मुळात देणं लागणं. हो, देणं! कर्जाचं! आम्हा बँकवाल्यांना हे न सांगता कळायला हवं होतं. कर्जाच्या कागदावर "द बॉरोअर शॅल रीपे" असतं, तिथं "शॅल" उद्याची गोष्ट सांगत नाही, जबाबदारी सांगतं.

आता हाच शब्द आमच्या भागाच्या नशिबात कुठं आलाय पाहा. १९५६ चा राज्य पुनर्रचना कायदा. त्यात नव्या म्हैसूर राज्याबद्दल "देअर शॅल बी फॉर्म्ड" असं म्हटलंय आणि त्या राज्यात चंदगड तालुका वगळून बेळगाव जिल्हा घातलाय. १ नोव्हेंबर १९५६ ला एका "शॅल"नं आम्ही मुंबई राज्यातून तिकडं गेलो. त्याच वर्षी सातव्या घटनादुरुस्तीनं कलम ३५० अ आलं. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिकवायची पुरेशी सोय करण्याबाबत तिथं शब्द आहेत, "इट शॅल बी द एन्डेव्हर". म्हणजे सोय करणं हे देणं नाही, सोय करण्याचा प्रयत्न हे देणं. पहिल्या "शॅल"ची वसुली एका दिवसात झाली. दुसऱ्याची किती झाली, ते आपापल्या गल्लीतली मराठी शाळा बघून ठरवा. ही दोन वाक्यं समजायला इंग्रजी लागतं, हे मला शंभर टक्के मान्य. पण असं बारीक वाचायची सवय मला मराठी व्याकरण शिकवणाऱ्या मास्तरांनी लावली, प्रयोग ओळखा, काळ ओळखा म्हणून छडी घेऊन उभे राहायचे ते.

दादोबा पांडुरंगांनी मराठीचं व्याकरण १८३६ सालीच छापलं होतं. पुढं तर्खडकर नावाची भाषांतर पाठमाला घरोघर आली, ती याच पायावर उभी. मराठी वाक्य द्यायचं, इंग्रजी करायला सांगायचं, मग उलट. वाक्यं काही वेळा अशी विचित्र, की हसून मुरकुंडी वळायची. पण पद्धत बघा की. डाव्या हाताला आपली भाषा, उजव्या हाताला त्यांची, आणि फरक कुठं पडतो तिथं नजर थांबते. आम्ही याला लेजर जुळवणं म्हणतो. एकाच बाजूची वही हातात देऊन ताळमेळ लाव म्हटलं तर कसा लावणार?

आपली बाजू तरी केवढी श्रीमंत आहे! आई हाक मारते, पोरगं जागेवरून न हलता ओरडतं, "आलो, आलो!" अजून निघालेलाच नाही आणि भूतकाळ वापरून मोकळा. शेजारचा कानडी पोरगा तेच करतो, "बंदे, बंदे!" निरोप घेताना आपण जातो आणि म्हणतो "येतो". तेही कानडीत तसंच, "होगी बरतेनी". हे इंग्रजीत "आय ॲम कमिंग" केलं की समोरचा साहेब वाट बघत बसणार. "येईन", "येणार आहे", "येतोय" यांत फरक आहे हे आपल्या कुठल्याही पोराला न शिकवता कळतं. आत्ता ठरवलं तर "येईन", तिथं "विल". आधीच ठरलंय तर "येणार आहे", तिथं "गोइंग टु". तिकीट काढून ठेवलंय तर "येतोय", तिथं "ॲम कमिंग". अगदी शंभरातल्या शंभर ठिकाणी नाही जुळत, पण ऐंशी ठिकाणी नक्की जुळतं. आणि "आंबा खाल्ला, पोळी खाल्ली, फणसाचे गरे खाल्ले" ही आपली कसरत ज्याला येते त्याला सगळीकडं एकच "एट" म्हणजे सुट्टीच की. (आमच्या भागातल्या बायका "मी येतो" म्हणतात म्हणून पुण्याच्या सुना हसतात. इंग्रजी क्रियापदाला लिंग नाही, तिथं कुणी हसत नाही.)

एक प्रसंग सांगतो. नव्वदीच्या दशकात निपाणीकडच्या एका तंबाखूवाल्या शेतकऱ्यानं कर्जाच्या हप्त्याबद्दल वरच्या ऑफिसला इंग्रजी पत्र पाठवलं, इंग्रजी माध्यमात शिकलेल्या भाच्याकडून लिहून घेऊन. म्हणायचं होतं, "३१ मार्चपर्यंत हप्ता भरलेला असेल." भाच्यानं लिहिलं, "आय हॅव पेड द इन्स्टॉलमेंट बाय ३१ मार्च." पत्र फेब्रुवारीतलं! वरून विचारणा आली, पावती पाठवा. पावती कुठली? मग खोटं विधान केलं म्हणून नोटीस. म्हातारा बिचारा ब्रँचमध्ये येऊन घाम पुसत उभा. "विल हॅव पेड" एवढंच हवं होतं. "भरलेला असेल" आणि "भरलाय" यातला फरक भाच्याला मराठीत ठाऊक होता, म्हाताऱ्याला होता, गावातल्या गुराख्यालाही असतो. तो फरक इंग्रजीत कुठं ठेवायचा हे त्याला दहा वर्षांत कुणी दाखवलं नव्हतं. आम्ही खुलासा लिहून प्रकरण मिटवलं, पण त्यात दीड महिना गेला.

आता आपल्याच माणसांना दोन शब्द, राग आला तरी चालेल. १ नोव्हेंबरला काळा दिवस पाळायचा, सरकारी कागद मराठीत द्या म्हणून मोर्चा काढायचा, २००४ पासून सुप्रीम कोर्टात पडून असलेल्या दाव्याची तारीख विचारायची, आणि जूनमध्ये नातवाचं ॲडमिशन इंग्रजी माध्यमात. मग पटसंख्या नाही म्हणून मराठी शाळा बंद पडली की सरकारच्या नावानं बोटं मोडायची. सरकार कानडी सक्ती करतं हे खरं आहे, त्याविरुद्ध भांडलंच पाहिजे. पण मराठी शाळेतून नातू काढून न्यायची सक्ती आपल्यावर कुणी केली होती? २०१४ साली सुप्रीम कोर्टानं तर कर्नाटक सरकारच्याच विरोधात निकाल दिला, की प्राथमिक शिक्षणाचं माध्यम पालकानं निवडायचं, सरकारनं लादायचं नाही. निवड आपल्या हातात आली आणि आपण काय निवडलं ते दिसतंच आहे.

समोरून उत्तर येतं, मराठी शाळेत इंग्रजी शिकवतात तरी कुठं धड? बरोबर आहे. बऱ्याच ठिकाणी तोच बाराखणी तक्ता, तेच घोकणं, आणि पोरगं तोंड उघडून बोलतच नाही. बोलायची सवय इंग्रजी शाळेतल्या पोरांना जास्त असते, हेही खरं. पण हा इलाज माध्यम बदलण्याचा नाही, मास्तर आणि तास वाढवण्याचा आहे. आपल्या मराठी शाळांच्या संस्थांवर जे लोक पदाधिकारी म्हणून बसलेत त्यांनी हॉलला रंग देण्याऐवजी इंग्रजीचा एक चांगला मास्तर नेमावा, ज्याला मराठी उत्तम येतं असा. आणि निवृत्त झालेल्या आपल्यासारख्यांनी आठवड्यातून दोन तास द्यावेत. सकाळी फिरायला जातोच की, परत येताना शाळेत शिरायचं. तक्ता नको, खडू नको. पोरांकडून त्यांच्याच तोंडची दहा वाक्यं काढून घ्यायची. काल काय खाल्लं, बस चुकली का, उद्या मामाकडं कोण जाणार, पाऊस आला तर काय. मग ती इंग्रजीत करायची आणि जिथं अडेल तिथं थांबायचं.

तर्खडकरांचे तिन्ही भाग माझ्याकडं आहेत, पुठ्ठा गेलेला आहे पण पानं शाबूत. ज्यांना शाळेत जाऊन शिकवायचंय त्यांनी घेऊन जावेत. त्यातलं शॅल-विल प्रकरण जुनं झालंय, ते तेवढं सोडून द्या.