एका तबकडीचा हिशेब

घरातील मुलाने गाणे रचले किंवा गिटार हाती घेतली, म्हणजे वडील मंडळींच्या तोंडून बहुधा दोन प्रकारचे बोल निघतात. "आधी परीक्षा, मग ही थेरं," हा एक, आणि "आमचा बाळ केवढा मोठा कलावंत!" हा दुसरा. पहिल्याने मूल हिरमुसते, दुसऱ्याने शेफारते. या दोहोंमधून जाणारी एक तिसरी वाट आहे, आणि ती आम्हांस इंग्लंडातील एका लहानशा तबकडीच्या हकीकतीत स्पष्ट दिसली. ती हकीकत विद्यार्थी व पालक या दोघांनीही ऐकण्याजोगी आहे अशी आमची समजूत असल्यामुळे येथे सांगत आहो.

१९७० नंतरच्या दशकात इंग्लंडात रॉक संगीताचा व्यवसाय बहुतांशी लंडनमधील मोठ्या कंपन्यांच्या हाती होता. ध्वनिमुद्रणाचा खर्च त्यांनी करावयाचा, तबकड्या त्यांनी काढावयाच्या, दुकानांत त्यांनीच पोहोचवावयाच्या, आणि कोणाचे गाणे लोकांच्या कानी पडावे हेही त्यांनीच ठरवावयाचे, असा तो रिवाज. उत्तरेकडील गिरणगावांतल्या पोरांनी आपल्या गाण्याचा नमुना लंडनला धाडावा आणि उत्तराची वाट पाहत बसावे. वस्तुतः तबकडी छापणारे कारखाने, पैसे मोजील त्याची तबकडी छापून देत असत. दार बंद नव्हते. ते ढकलून पाहण्याचे धैर्य मात्र फारच थोड्यांस झाले होते.

ते धैर्य करणाऱ्यांपैकी एक म्हणजे मँचेस्टरची 'बझकॉक्स' ही वादकमंडळी. बोल्टन येथील तंत्रशिक्षण संस्थेत शिकणारे हॉवर्ड डेव्होटो व पीट शेली हे तिचे मूळ प्रवर्तक. १९७६ च्या फेब्रुवारीत 'सेक्स पिस्टल्स' या नव्या पंक मंडळीविषयी वृत्तपत्रात वाचून हे दोघे लंडनच्या बाजूस गेले व त्यांचा जलसा पाहून आले. परत आल्यावर नुसती वाखाणणी करीत न बसता त्यांनी त्याच मंडळीस मँचेस्टरला बोलाविले, आणि ४ जून १९७६ रोजी लेसर फ्री ट्रेड हॉलमध्ये तिचा जलसा घडवून आणला. श्रोते मोजकेच होते. २० जुलै रोजी तेथेच दुसरा जलसा झाला, त्यात बझकॉक्सही उभे राहिले. स्टीव्ह डिगल बास गिटार वाजवी, जॉन मार ढोल वाजवी. हा मार त्या वेळी अवघा १६ वर्षांचा होता, म्हणजे आमच्या शाळेतील वरच्या वर्गांतील मुलांच्याच वयाचा!

त्याच वर्षी २८ डिसेंबर रोजी हे चौघे मँचेस्टरमधील इंडिगो ध्वनिमुद्रणगृहात गेले. चार गाणी मुद्रित करावयास सुमारे तीन तास लागले. त्यांची जुळवणी करावयास आणखी दोन. मार्टिन हॅनेट नावाच्या तरुणाने मुद्रणाची देखरेख केली. एकंदर खर्चासाठी ५०० पौंड लागणार होते, ते मित्र व घरची मंडळी यांच्याकडून उसने घेण्यात आले. त्यांत शेलीच्या वडिलांचाही हातभार होता. व्यवस्था पाहणारा मित्र रिचर्ड बून याने शहरातील पिकॅडिली भागात रॉबर्ट पील यांच्या पुतळ्यापाशी चौघांचे छायाचित्र घेतले, तेच वेष्टनावर छापले. 'न्यू हॉर्मोन्स' असे नाव घेऊन मंडळींनी स्वतःचीच एक चिमुकली कंपनी काढली, आणि २९ जानेवारी १९७७ रोजी 'स्पायरल स्क्रॅच' ही तबकडी बाहेर पडली. पहिल्या खेपेस १,००० प्रती काढल्या होत्या. टपालाने आणि मँचेस्टरमधील व्हर्जिनच्या दुकानाच्या साहाय्याने ती विकली जाऊ लागली, आणि हजाराचे पुढे १६,००० झाले. इंग्लंडातील पंक वादकांनी स्वतःच्या जबाबदारीवर काढलेली पहिली तबकडी असा तिचा लौकिक आहे.

हकीकत एवढीच. आता तिच्यावरून आम्हांस जे वाटते ते सांगतो.

पहिली गोष्ट, स्वातंत्र्य हा शब्द आपण फार सैलपणे वापरतो. आपणांस कोणी नाही म्हणणारा नसावा, एवढाच त्याचा अर्थ पुष्कळ मुले घेतात. बझकॉक्सला नाही म्हणणारा कोणी नव्हता हे खरे. पण त्याबरोबरच चूक झाली तर बोट दाखविण्यासही कोणी नव्हता. तबकडी विकली गेली नसती, तर हजार प्रती घरात पडून राहिल्या असत्या आणि घरच्या लोकांचे पैसे बुडाले असते. पाचशे पौंड हजार प्रतींवर वाटले तर प्रत्येक प्रतीमागे अर्धा पौंड येतो. हा हिशेब सातव्या इयत्तेतील मुलालाही करता येईल. परंतु तो करून, पटवून घेऊन, मगच पाऊल टाकणे यासच आम्ही स्वातंत्र्य म्हणू. कंपनीच्या आश्रयाने गाणाऱ्यास हा हिशेब दुसरा कोणी करून देतो. आणि हिशेब ज्याच्या हाती, सत्ताही हळूहळू त्याच्याच हाती जाते.

दुसरी गोष्ट त्या वेष्टनावरील मजकुराची. कोणते गाणे कितव्या प्रयत्नात मुद्रित झाले, आणि मागाहून त्यात गिटारची भर घातली की नाही, हे वेष्टनावर त्यांनी सरळ छापून टाकले होते. एक गाणे तिसऱ्या प्रयत्नातले, उरलेली तीन पहिल्याच प्रयत्नातली. स्वयंपाक कसा झाला हे पंगतीत वाढतानाच सांगून टाकावे, त्यातला हा प्रकार. यात ऐट थोडीफार असेलही. पण त्यामुळे ऐकणाऱ्या प्रत्येक मुलास कळले की, तबकडी ही काही आकाशातून पडणारी वस्तू नव्हे, आपल्यासारख्याच चौघांनी एका दिवसात ती केली आहे. पुढल्याच वर्षी, १९७८ साली, लंडनच्या 'स्क्रिटी पोलिटी' या मंडळीने तर आपल्या तबकडीच्या वेष्टनावर खर्चाचे आकडेच छापले. विद्या लपवून ठेवणारा गुरू आणि ती उघडी करणारा गुरू यांत जो फरक, तोच येथे दिसतो.

यावर काही आक्षेप निघतील, आणि ते योग्यही आहेत. पहिला आक्षेप असा की, उसन्या पैशावर उभे राहिलेल्यास स्वावलंबी कसे म्हणावे? आमचे उत्तर असे की, कर्ज दोन प्रकारचे असते. कंपनी आगाऊ रक्कम देते तेव्हा ती पुढील अनेक वर्षांचे काम बांधून घेते. बाप मुलास उसने देतो तेव्हा तो त्याची सदसद्विवेकबुद्धी बांधून घेतो. पहिल्या बंधनाने मनुष्य दुसऱ्याचा होतो, दुसऱ्याने तो अधिक स्वतःचा होतो. आपल्या माणसांचे साहाय्य न घेता एकट्यानेच सर्व करावे, असा स्वावलंबनाचा अर्थ आम्हांस मान्य नाही.

दुसरा आक्षेप संगीताविषयी. आमच्या पालकांपैकी कोणी ही तबकडी ऐकलीच, तर कानांवर हात ठेवतील अशी आमची अटकळ आहे. आवाज खडबडीत, शब्द फटकळ. त्यांतील 'कंटाळा' या विषयावरच्या गाण्यात शेलीने गिटारवर जो एकल भाग वाजविला आहे, तो केवळ दोन स्वर पुनःपुन्हा घोळवून. आम्ही त्या फटकळपणाचे गोडवे गात नाही, आणि दोन स्वर येताच रियाज सोडावा असेही कोणास सांगत नाही. पण हेही ध्यानात घ्यावे की, त्या तीन तासांच्या मागे पाच महिन्यांचे जलसे व सराव होता. आणि ते दोन स्वर अज्ञान झाकण्यासाठी नव्हते, कंटाळ्याच्या गाण्यास कंटाळवाणाच स्वर शोभतो हे जाणून ते मुद्दाम वाजविले होते. आपणांस जेवढे येते तेवढ्यात काय चांगले करता येईल, याचा तो विचार होता. "पूर्ण शिकल्यावर लोकांपुढे ये," असे म्हणणाऱ्यांस आम्ही नम्रपणे विचारतो, पूर्ण शिकणे म्हणजे कधी?

तिसरा आक्षेप सर्वांत बोचरा आहे. तबकडी निघून थोडे दिवस होतात न होतात तोच डेव्होटो मंडळी सोडून पुन्हा महाविद्यालयात गेला, आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टात उरलेल्यांनी 'युनायटेड आर्टिस्ट्स' या मोठ्या कंपनीशी करार केला. मग स्वातंत्र्याची ही कथा सात महिन्यांतच संपली, असे कोणी म्हणेल. आम्ही तसे म्हणत नाही. स्वातंत्र्याची शपथ जन्मभर वाहिलीच पाहिजे असा हट्ट आम्ही का धरावा? जानेवारीपूर्वी ही मंडळी कंपनीच्या दाराशी गेली असती तर याचक म्हणून गेली असती. ऑगस्टात गेली ती आपल्या मालाची किंमत ओळखून गेली. आणि डेव्होटो पुस्तकांकडे परतला यात गाणे व शिक्षण यांचे हाडवैर नसते हेच दिसते. वर्षभरातच त्याने 'मॅगझीन' नावाची आपली निराळी मंडळी उभी केली.

शिवाय जी वाट एकदा पाडली गेली ती बुजली नाही. १९७८ साली मँचेस्टरलाच 'फॅक्टरी' ही स्वतंत्र संस्था निघाली, आणि तिच्या नामांकित तबकड्यांचे मुद्रण त्याच मार्टिन हॅनेटने केले. लंडनमधील 'रफ ट्रेड' या दुकानाने असल्या छोट्या तबकड्या गावोगाव पोहोचविण्याची व्यवस्था लावली. १९८० च्या जानेवारीपासून स्वतंत्र तबकड्यांच्या विक्रीचा वेगळा तक्ता छापला जाऊ लागला. इंग्रजीतील स्वतंत्र या अर्थाच्या शब्दाचे 'इंडी' असे लडिवाळ रूप झाले, आणि मागाहून ते एका संगीतप्रकाराचेच नाव होऊन बसले. आता मोठ्या कंपनीच्या आश्रयास असलेल्या वादकांनाही खुशाल इंडी म्हणतात. नाव राहिले व वस्तू गेली, असा हा प्रकार भाषेत नवा नाही. पण त्यामुळेच मूळ अर्थ मधून मधून घासून लख्ख करावा लागतो.

आणि आज तर त्याची अधिकच गरज आहे. आज खिशातील फोनवर गाणे मुद्रित होते, आणि घटकाभरात जगापुढे ठेवता येते. पाचशे पौंड नकोत, हजार प्रती नकोत, टपाल नको. ही सोय फार मोठी आहे, तिला आम्ही नावे ठेवणार नाही. परंतु जेथे काहीच खर्च होत नाही तेथे काहीच तोलूनही पाहिले जात नाही, हा धोका मोठा. बझकॉक्सने चार गाणी निवडली, कारण पाचव्यास जागा व पैसा नव्हता. आमच्या विद्यार्थ्यांना पैशाची ती अडचण नाही. म्हणून निवडीचे काम त्यांनी आपल्या विचारानेच केले पाहिजे. आपले गाणे, कविता वा चित्र बाहेर धाडण्यापूर्वी त्यांनी स्वतःस विचारावे: हे करण्यास मी किती दिवस दिले? याच्याखाली माझे खरे नाव लिहावयास मी तयार आहे काय? आणि हे कोणास आवडले नाही, तर दोष दुसऱ्या कोणावर ढकलणार नाही ना?

पालकांस आमची विनंती निराळी आहे. मुलाने गाण्यासाठी, नाटकासाठी किंवा हस्तलिखित मासिकासाठी पैसे मागितले, तर एकदम नाही म्हणू नये, आणि लाडाने बक्षीसही देऊ नयेत. उसने द्यावेत. रक्कम लहान असावी, परतीची मुदत ठरवावी, आणि पैपैचा हिशेब मागावा. काम फसले तरी रागावू नये. हिशेब चुकला तर मात्र बसवून पुन्हा करावयास लावावा. मुलाचे गाणे उद्या कोणास आठवेल न आठवेल. पण आपल्या बापाने आपल्यावर विश्वास टाकला होता, आणि आपण तो फेडला, ही आठवण आयुष्यभर पुरते.

पीट शेली २०१८ च्या डिसेंबरात वारला. त्याच्या आदल्या वर्षी, म्हणजे प्रथम निघाल्यावर बरोबर ४० वर्षांनी, ती तबकडी पुन्हा छापण्यात आली. चाळीस वर्षांनी कोणी आपले गाणे ऐकेल, असे त्या डिसेंबरच्या दिवशी चौघांपैकी कोणाच्या मनात आले असेल असे आम्हांस वाटत नाही. त्यांच्यापुढे एवढाच प्रश्न होता की, उसने घेतलेले पैसे परत कसे करावयाचे. आमच्या वर्गांतील कोणी पुढील वर्षी असे काही काम हाती घेतले, तर त्याची एक प्रत आम्हांस अवश्य आणून द्यावी; आणि तिच्या वेष्टनाच्या आतील बाजूस खर्चाचा तक्ता लिहिण्यास विसरू नये.