चुकण्याची सोय

दिवाळीपूर्वीची आवराआवर म्हणजे गृहस्थाची सत्त्वपरीक्षाच. जी वस्तू आपण केव्हाच टाकून दिली असे शपथेवर सांगितलेले असते, ती नेमकी याच दिवसांत सौभाग्यवतींच्या हाती लागते. परवा मात्र माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत जे सापडले, ते सुदैवाने आधी माझ्या हाती लागले. मी इकडेतिकडे पाहिले आणि ते हळूच खिशात टाकले.

ती होती माझ्या लहानपणची ब्रिक गेमची डबी. ज्यांचे बालपण १९९० नंतरच्या दशकात गेले, त्यांना वर्णनाची गरज नाही. इतरांसाठी सांगतो. तळहाताएवढे प्लॅस्टिकचे यंत्र, त्याला करडी काच आणि त्या काचेत वरून एकामागून एक उतरणाऱ्या विटा. वीट फिरवायची, सरकवायची आणि खाली नीट बसवायची. आडवी रांग पुरी भरली की नाहीशी होते. न भरलेल्या रांगांचा ढीग मात्र चढत जातो, आणि तो छताला टेकला की खेळ खलास!

मी दहावीत गेलो त्या वर्षी वडिलांनी ही डबी जप्त केली. ते स्वतः दर रविवारी शेजाऱ्यांबरोबर तीन-तीन तास रमी खेळत. पण पत्ते ही करमणूक आणि डबी हे व्यसन, असा त्यांचा न्याय होता. पुढे मी बाप झालो आणि तोच न्याय मुलाच्या मोबाइलला जसाच्या तसा लावला. न्यायदानाचे काम आमच्या घरात वंशपरंपरेने चालते.

त्या रात्री सारी निजानीज झाल्यावर मी गॅलरीत बसून डबीत दोन पेन्सिल सेल घातले. काच उजळली नाही, पण विटा उतरू लागल्या. पहिला डाव दोन मिनिटांत संपला. दुसराही. घड्याळात पाहिले तेव्हा साडेबारा वाजले होते, आणि मराठीचा एक प्राध्यापक सलग एकोणीस डाव हरून विसावा मांडत होता.

या खेळाचे मूळ नाव टेट्रिस. १९८४ साली मॉस्कोत, सोव्हिएत विज्ञान अकादमीच्या संगणक केंद्रात काम करणाऱ्या अलेक्सी पाजितनोव यांनी तो रचला. त्यांच्या संगणकाला चित्र काढता येत नव्हते, म्हणून त्यांनी विटा दाखवल्या त्या लिहिण्यातल्या चौकटी कंसांनी! चार-चार चौकोनांचे सातच आकार, पण १९८९ साली निन्टेन्डोच्या गेम बॉय या हातातल्या यंत्रावर बसून ते जगभर पोहोचले. गंमत अशी की या खेळात जिंकणे म्हणून नाहीच. वेग वाढत जातो आणि केव्हा तरी माणूस हरतो. २०२३ च्या डिसेंबरात अमेरिकेतल्या एका तेरा वर्षांच्या मुलाने १९८९ सालच्या आवृत्तीवर १५७ वी पातळी गाठली, तेव्हा यंत्रच गोठून बसले. असे करून दाखवणारा तो पहिलाच माणूस. तोवर चौतीस वर्षे सगळे हरतच आले होते.

मग हरण्यासाठी रोज रात्री गॅलरीत का बसायचे? चार-पाच रात्रींनंतर मला त्याचे उत्तर सापडले. वर्गात मी चुकत नाही. म्हणजे चुकतो, पण वीस वर्षांच्या सवयीने ती चूक हाच माझा नवा विचार आहे, असे भासवता येते. घरी चुकलो तर परिस्थिती जबाबदार असते. चाळिशी उलटलेल्या माणसाला चुकायला जागाच उरत नाही. डबीपुढे मात्र सबब चालत नाही. वीट वाकडी बसली तर ती मीच बसवली. आणि तरीही काही बिघडत नाही. कळ दाबली की पाटी कोरी. ही चुकण्याची सोय लहान मुलांना दिवसभर असते. मोठ्यांना ती मुद्दाम शोधावी लागते.

सहाव्या रात्री मागे पावले वाजली.

“बाबा, काय करतोयस?” नववीतले चिरंजीव दारात उभे होते.

डबी लपवावी असे क्षणभर मनात आले. पण तेवढ्यात ढीग छताला टेकला.

“हरतोय,” मी म्हणालो.

तो शेजारी बसला. पुढचे तीन डावही त्याच्या देखत हरलो. “लांब काठीसाठी एक बाजू मोकळी ठेव ना,” त्याने सुचवले. मी ठेवली. काठी काही येईना. आम्ही दोघेही हसलो. मग तो उठून आत गेला आणि घडी घातलेला एक कागद घेऊन आला. गणिताच्या चाचणीचा पेपर. वीसपैकी सहा. खाली पालकांच्या सहीची जागा. तारीख अकरा दिवसांपूर्वीची.

“तू चिडशील असं वाटलं,” तो म्हणाला. “तुझं कधी चुकत नाही ना.”

चिडण्याचे सारे शब्द माझ्यापाशी होते. ते मला वडिलांकडूनच मिळाले होते. पण मी जे बोललो, ते तोवर कोणालाच सांगितलेले नव्हते. कॉलेजच्या पहिल्या वर्षी मी शास्त्र शाखेत होतो. गणितात नापास झालो आणि ‘मला साहित्याची ओढ आहे’ असे घरी सांगून कला शाखेत गेलो. ओढ लागली, पण ती नंतर. वडील गेले, तरी त्यांना खरे कारण कळले नाही. सांगायला हवे होते. पण रमीत हरल्यावरही पाने बरी नव्हती म्हणणाऱ्या माणसाला ते सांगणार कसे?

चिरंजीव बराच वेळ गप्प होते. मग त्यांनी विचारले, “किती मिळाले होते?”

“शंभरात एकोणीस.”

“माझे जास्त आहेत,” तो हिशेब करून म्हणाला. “शंभरात तीस.”

मी सही केली. हिशेब बरोबर होता, हेही सांगितले.

डबी आता दिवाणखान्यातल्या फळीवर, चारचौघांत असते. पाडव्याला सौभाग्यवतींनी ती सहज म्हणून हातात घेतली. त्या माझ्याहून कितीतरी चांगल्या खेळतात. इतकी वर्षे डब्यांनी भरलेले फडताळ लावत आल्या आहेत ना!