उभा ट्रॅक्टर आणि उतरलेली बॅटरी

पावसाळ्याचे दोन-तीन महिने छपराखाली उभा असलेला ट्रॅक्टर दसऱ्याच्या सुमारास बाहेर काढावयाचा म्हणजे पुष्कळ गावी एक ठरलेला प्रकार घडतो. ट्रॅक्टर धुतला जातो, झेंडूची माळ चढते, किल्ली फिरविली जाते आणि इंजिन ‘टक’ एवढाच आवाज करून गप्प बसते. मग चारसहा जण धक्का मारावयास धावतात आणि अखेरीस ‘बॅटरीच हलकी निघाली’ असा निकाल दिला जातो. हा निकाल बहुधा अन्यायाचा असतो. बैल कामावर नसला म्हणून त्याची वैरण कोणी बंद करीत नाही. बॅटरीची मात्र हमखास बंद होते.

प्रश्न केवळ गैरसोयीचा असता तर त्याविषयी लिहिण्याचे कारण नव्हते. कोरडवाहू रब्बी ज्वारीची पेरणी १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर या काळात उरकावी अशी शिफारस आहे आणि ही पेरणी सर्वस्वी जमिनीतील ओलीवर अवलंबून असते. वापसा आला त्या दिवशी ट्रॅक्टर चालू झाला नाही आणि तालुक्याच्या गावाहून मेकॅनिक येईपर्यंत तीन दिवस गेले, तर वरच्या थरातील ओल उडून जाते. त्या तीन दिवसांचे नुकसान नवी बॅटरी आणून भरून येत नाही.

बॅटरीत शिशाच्या पट्ट्या व पातळ गंधकाम्ल असते. बारा व्होल्टच्या बॅटरीत असे सहा सेल एकास एक जोडलेले असतात. तिच्यातून काहीही काम घेतले नाही तरी आतील रासायनिक क्रिया थांबत नाही व साठविलेली शक्ती हळूहळू कमी होत राहते. उष्णता दहा अंशांनी वाढली की हा ऱ्हास सुमारे दुप्पट होतो. म्हणून ऊसवाहतूक संपल्यावर एप्रिल-मे महिन्यांत पत्र्याच्या छपराखाली लावून ठेवलेल्या ट्रॅक्टरची बॅटरी अधिकच लवकर उतरते. त्यात पुन्हा घड्याळ, मीटर आणि हल्ली हौसेने बसविलेली गाण्यांची पेटी हे सर्व थोडीथोडी वीज खात असतात. बॅटरी उतरली की पट्ट्यांवर शिशाच्या क्षाराचा थर बसतो. तो ताजा असता चार्जिंगने विरघळतो. महिनोन्‌महिने तसाच राहू दिला तर त्याचे कठीण खडे बनतात आणि मग कितीही चार्ज केले तरी बॅटरी पूर्ववत होत नाही.

यावर उपाय म्हणून ‘आठवड्यातून एकदा पाच मिनिटे इंजिन चालवावे’ असा सल्ला सर्रास दिला जातो. हा सल्ला सोपा आहे, परंतु फारसा उपयोगाचा नाही. ट्रॅक्टर चालू करताना स्टार्टर काही सेकंद दोन-तीनशे अँपिअर वीज ओढतो. पाच मिनिटे मंद गतीने इंजिन फिरवून तेवढी खर्ची पडलेली शक्ती कशीबशी परत मिळते. पूर्वीची तूट तशीच राहते. शिवाय इंजिन नीट न तापल्याने त्यात पाण्याचा अंश धरतो तो वेगळाच. इंजिन चालवावयाचेच तर अर्धा-पाऊण तास काम देऊन चालवावे. त्याहून चांगला मार्ग म्हणजे बॅटरी पूर्ण चार्ज करून तिची ऋण बाजूची वायर सोडवून ठेवणे आणि महिना-दीड महिन्यातून एकदा चार्जर लावणे. वायर सोडविताना ऋण बाजू आधी व जोडताना शेवटी, हा क्रम मोडू नये. अन्यथा पान्हा ट्रॅक्टरच्या लोखंडास टेकून मोठी ठिणगी पडते.

बॅटरी जमिनीवर ठेवली की उतरते, अशीही एक समजूत आहे. जुन्या काळच्या पेट्यांच्या बाबतीत तीत काही तथ्य असावे. आजच्या प्लॅस्टिकच्या पेटीतून वीज जमिनीत जात नाही. फळीवर ठेवण्यास हरकत नाही, पण फळीवर ठेवलेली बॅटरीही तीन महिन्यांत उतरतेच.

झाकणे उघडणाऱ्या बॅटरीत पट्ट्या उघड्या पडू देऊ नयेत. पाणी घालावयाचे ते डिस्टिल्डच. विहिरीचे अथवा बोअरचे पाणी क्षारांमुळे पट्ट्यांचा नाश करते, आणि ‘जोर वाढावा’ म्हणून वरून ॲसिड ओतणे ही तर शुद्ध हानी होय. पूर्ण भरलेली बॅटरी काही तास स्वस्थ ठेवून मोजली असता १२.६ व्होल्टच्या आसपास दाखविते. १२.४ च्या खाली गेली की चार्जर लावावा. ८८ अँपिअर-तासांच्या बॅटरीस आठ-नऊ अँपिअरचा प्रवाह पुरेसा आहे. चार्ज होताना हायड्रोजन वायू निघतो, तो स्फोटक असतो. जवळ बिडी ओढू नये.

बॅटरी बदलण्याची घाई करण्यापूर्वी दिवा लावून सेल्फ मारून पाहावा. दिवा एकदम मंदावला तर बॅटरी उतरली आहे किंवा जोड सैल आहे. दिवा तसाच प्रखर राहिला आणि स्टार्टर हललाही नाही, तर दोष बहुधा स्विचमध्ये अथवा वायरीत आहे. छपरात कडबा रचलेला असेल तर उंदरांनी काय कुरतडले आहे तेही पाहावे. टोकांवर साचलेली पांढरी-हिरवी भुकटी खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुऊन जोड घट्ट केल्याने अनेक ‘मेलेल्या’ बॅटऱ्या जिवंत झाल्या आहेत.

खरा धोका यापुढचा आहे. सेल्फ लागत नाही असे पाहून कित्येक चालक खाली उतरतात, मागील चाकापुढे उभे राहतात आणि स्टार्टरची दोन टोके स्क्रू ड्रायव्हरने जोडून इंजिन चालू करतात. गिअर पडलेला असता इंजिन सुरू होऊ नये म्हणून क्लच किंवा गिअरपाशी जो सुरक्षा स्विच बसविलेला असतो, तो या युक्तीने निकामी ठरतो. गिअर चुकून पडलेला असला तर ट्रॅक्टर त्याच क्षणी पुढे जातो आणि मागील चाक उभ्या माणसाच्या अंगावरून जाते. मागे सरकण्यास वेळ मिळत नाही. अशा रीतीने माणसे दगावतात, आणि तरीही ही युक्ती कसबाची गोष्ट म्हणून बापाकडून मुलाकडे जाते. काही शेतकरी तर स्विच बिघडला असता तो दुरुस्त न करता वर्षानुवर्षे असेच काम चालवितात. हे कसब नव्हे.

धक्का मारून अथवा उतारावरून ट्रॅक्टर चालू करण्याचा जुना मार्गही आता सर्वत्र चालण्यासारखा राहिलेला नाही. १ जानेवारी २०२३ पासून ५० अश्वशक्तीवरील नव्या ट्रॅक्टरांना धुराविषयी कडक मानके लागू झाली. अशा इंजिनांत डिझेल सोडण्याचे काम विजेवर चालणारी यंत्रणा करते. बॅटरी पूर्ण उतरली तर धक्का व्यर्थ जातो. अशा वेळी दुसऱ्या ट्रॅक्टरच्या बॅटरीचा आधार घ्यावा. प्रथम धन टोकास धन टोक जोडावे. नंतर दुसरी वायर चांगल्या बॅटरीच्या ऋण टोकास लावावी आणि तिचे शेवटचे टोक बंद ट्रॅक्टरच्या इंजिनावरील कोऱ्या लोखंडास, बॅटरीपासून दूर, लावावे. त्यानंतर चालकाने आपल्या बैठकीवरूनच सेल्फ मारावा, आणि तोही एका वेळी दहा सेकंदांपेक्षा अधिक नव्हे.

शासनाने २०१४-१५ पासून कृषी यांत्रिकीकरणाच्या उपअभियानातून यंत्रखरेदीस साहाय्य दिले, गावोगावी अवजारे बँका उभ्या राहिल्या. परंतु लाखो रुपयांची यंत्रे ठेवणाऱ्या बँकेत एक चार्जर, एक हायड्रोमीटर व एक साधा व्होल्टमीटर असावा, याचा विचार क्वचितच झालेला दिसतो. या तिन्हींची एकत्र किंमत एका नव्या बॅटरीपेक्षा जास्त होऊ नये. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी बियाणे-खतांच्या चौकशीबरोबर ऑगस्टच्या अखेरीस व्होल्टमीटर घेऊन ट्रॅक्टरवाल्यांच्या दारी एक फेरी केली, तर उतरलेल्या बॅटऱ्या पेरणीपूर्वी पंधरा दिवस सापडतील, आणि स्क्रू ड्रायव्हर घेऊन चाकापुढे उभे राहण्याची पाळी कोणावर येणार नाही.