गेला, हरवला, गहाळ झाला

मागच्या आठवड्यात आमच्या बाळ्याचा फोन गेला.

वरचं वाक्य सवयीने लिहून गेलो आणि मग लक्षात आलं, की हे साफ खोटं आहे. फोन कुठेही 'गेला' नाही. पौड रोडवर संध्याकाळी साडेसातच्या सुमारास दोन पोरं बाईकवरून मागून आली, मागे बसलेल्याने हात लांब केला आणि बाळ्याच्या कानाला लावलेला फोन ओढून नेला. हे मला इतकं खात्रीने माहीत आहे, कारण दुसऱ्या टोकाला मीच होतो. या गुन्ह्याचा एकमेव कानदेखा साक्षीदार!

मी त्याला आमच्या सोसायटीतल्या पाण्याच्या टाकीचं प्रकरण सांगत होतो. मध्येच "अरे ए..." असं काहीतरी ऐकू आलं, मग नुसता वारा. मी बोलत असताना रिक्षावाल्यांशी भांडायची बाळ्याला सवय आहे, म्हणून मी टाकी पुढे चालू ठेवली. चांगलं मिनिटभर बोलल्यावर विचारलं, "ऐकतोयस ना?" पलीकडून अनोळखी आवाज म्हणाला, "हां, बोला." आणि फोन बंद. ते टाकीचं प्रकरण इतक्या शांतपणे आजवर कोणीच ऐकून घेतलेलं नाही, हे इथे नमूद करतो. :)

इकडे बाळ्याच्या आईने नाशिकच्या मावशीला कळवलं, "अगं, बाळ्याचा गेला." पलीकडे रडारड. कोण गेला, कधी गेला, हे निस्तरण्यात अर्धा तास. त्यानंतर उपदेशाचा हप्ता. रस्त्याने चालताना बोलायचंच कशाला? रस्त्याच्या बाजूच्या कानाला का धरला? एवढा महागाचा घ्यावाच का? 'जिवावरचं शेपटावर निभावलं' हेही चौघांनी सांगून झालं. त्या दोन पोरांबद्दल मात्र कोणी चकार शब्द काढला नाही. जणू ती पावसासारखी होती, येणारच. छत्री न घेणारा बाळ्या तेवढा मूर्ख.

चौकीवर आम्ही दोघं गेलो. हवालदारसाहेब माणूस चांगला, बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं. पण कागदावर उमटलं काय, तर 'फोन गहाळ झाला'. बाळ्या म्हणाला, "साहेब, गहाळ नाही, हिसकावला." साहेब समजुतीने म्हणाले, "गहाळच राहू द्या. तुमचं काम लवकर होतं."

खोटं नाही ते. नवीन सिम मिळायला तो कागद पुरतो. २०२३ पासून देशभर सुरू झालेल्या सीईआयआर यंत्रणेत त्या कागदाची प्रत आणि फोनचा १५ आकडी आयएमईआय क्रमांक दिला, की हँडसेटही ब्लॉक होतो. (तो क्रमांक *#०६# दाबून आत्ताच लिहून ठेवा. नंतर दाबायला फोन नसतो.) मग एका शब्दासाठी भांडायचं कशाला?

माझं मत असं, की भांडायचं ते त्याच शब्दासाठी. 'गहाळ झाला' या वाक्यात फोन आहे, बाळ्या आहे, बाळ्याचा गबाळेपणा आहे, फक्त चोर नाही. चोरच नाही म्हटल्यावर शोधायचं कोणाला? गुन्हा नोंदला की तपास आला, डोकेदुखी आली. गहाळ वस्तू कपाटात जाऊन पडते. आणि कागदावर तो रस्ता सुरक्षितच राहतो, मग तिथे गस्त तरी कशाला वाढेल? गंमत म्हणजे १८६० च्या दंडविधानात हिसकावण्याला वेगळं कलमच नव्हतं, चोरीत नाहीतर जबरी चोरीत बसवावं लागे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत त्यासाठी स्वतंत्र कलम ३०४ आहे, तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. कायदेमंडळाने शब्द दिला, आपण मात्र 'गहाळ'वर खूश.

बाळ्या एरवी हॉटेलात चुकीची भाजी आली तरी मुकाट्याने खाणारा. तो तिथे अडून बसला. दीड तास. मला आश्चर्य वाटत होतं, तेव्हा हळूच म्हणाला, "फोनचं नाही रे. बाबांचे आवाज होते त्यात."

काका जाऊन सव्वा वर्ष झालं. टाईप करायचा त्यांना कंटाळा, म्हणून व्हॉट्सअपवर बोलून पाठवायचे. बाळ्याने बॅकअप वगैरे कधी घेतलाच नव्हता. शेवटी साहेबांनी सुस्कारा सोडला आणि एफआयआर लिहायला घेतला. खाली अनोळखी इसम दोन. निदान कागदावर तरी चोर आले.

फोन अजून मिळालेला नाही. पण घरी आल्यावर मी माझा फोन चाळत बसलो. बाळ्या कधीच फोन उचलायचा नाही, म्हणून काका वैतागून मला पाठवायचे. एकूण अकरा सापडले. सगळ्यांत मोठा बावीस सेकंदांचा: "अरे, बाळ्या तुझ्याकडे आहे का? त्याला म्हणावं येताना अर्धा लिटर दूध आण. आणि फोन खिशात ठेवायला घेतलाय का विचार त्याला."

रात्रीच सगळे पाठवून दिले त्याच्या नव्या फोनवर.