मागचा दिवा

भाताची कापणी उरकली की बेळगावच्या पश्चिम भागातील शेतकऱ्यास घाई होते ती जमिनीतील ओल उडून जाण्यापूर्वी मसूर-वाटाणा पेरून टाकण्याची. ओल कोणासाठी थांबत नाही. दिवसा ट्रॅक्टर मळणीत व ने-आण करण्यात गुंतलेला. मशागतीस उरते ती रात्र. आमच्या पुतण्याचा चोवीस अश्वशक्तीचा लहान ट्रॅक्टर असाच एका हंगामात रात्री दहा-दहा वाजेपर्यंत शिवारात फिरत होता आणि घरी वहिनी पडवीत बसून त्याच्या आवाजाकडे कान लावून असत. आवाज मध्येच थांबला की त्यांचा जीव खालीवर होई.

ही भीती अनाठायी नव्हती. ट्रॅक्टरचे पुढचे दिवे वाट दाखवितात. परंतु काम चालते ते मागे. रोटाव्हेटर फिरविणारा पी. टी. ओ.चा दांडा पूर्ण वेगात मिनिटास 540 फेरे घेतो, म्हणजे सेकंदास नऊ. मफलरचे टोक त्यात सापडले तर ओरडण्यापुरतीही सवड मिळत नाही. यंत्र चालूच ठेवून, एका हातात मोबाइलचा उजेड धरून, पात्यांना गुंडाळलेला पेंढा पाहण्यास वाकलेला पुतण्या आम्ही एके रात्री स्वतः पाहिला. त्या वेळी आम्ही त्यास जे बोललो ते येथे छापण्याजोगे नाही. दुसऱ्याच दिवशी मागे दिवे बसविण्याचे ठरले.

पहिला प्रयत्न फसला, आणि त्याचे श्रेय सर्वस्वी आमचे. वायरमनची वाट कशाला पाहावयाची, असे म्हणून आम्ही बॅटरीपासून थेट वायर ओढली, मडगार्डला भोक पाडून ती पलीकडे काढली आणि दिवे पेटलेले पाहून स्वतःची पाठ थोपटून घेतली. आठ दिवसांनी शेतात जळका वास आला. ट्रॅक्टरच्या थरथरीने पत्र्याच्या धारेवर घासून वायरचे आवरण फाटले होते व उघडी तार लोखंडास टेकली होती. ट्रॅक्टरचा सारा सांगाडा बॅटरीच्या ऋण टोकास जोडलेला असतो. तेव्हा उघडी तार कोठेही टेकली की वीज वाटेत काही न अडता धावते. मध्ये फ्यूज असता तर तो वितळून तेवढ्यावर भागले असते. तो आम्ही घातलाच नव्हता! बॅटरीची कड झटपट सोडविली म्हणून निभावले.

दुसऱ्या खेपेस जाणत्या मिस्त्रीस बोलाविले. त्याने प्रथम बॅटरीची ऋण कड सोडली, मगच कामास हात घातला. धन टोकाजवळच, वीतभर अंतराच्या आत, फ्यूज बसविला. प्रत्येक भोकात रबरी कडे घातले. वायर प्लॅस्टिकच्या नळीतून नेली आणि गरम सायलेन्सरपासून दूर बांधली. विजेची जोडणी किल्लीच्या पलीकडून घेतली, म्हणजे किल्ली काढली की दिवेही बंद. दिवे विसरून रात्रभर जळत राहिले तर सकाळी ट्रॅक्टर ढकलण्याची पाळी येते.

हिशेबही त्यानेच समजाविला. पंचावन्न वॅटचा एक हॅलोजन दिवा बारा व्होल्टवर सुमारे साडेचार अँपिअर खातो. दोन लावले तर नऊ. लहान ट्रॅक्टरचा अल्टरनेटर इंजिन मंद चालत असता मोजकीच वीज देतो, मग तूट बॅटरीतून भरली जाते. अठरा वॅटचे दोन एल. ई. डी. दिवे मिळून घेतात फक्त तीन अँपिअर, आणि औजारापुरता उजेड त्यांत भरपूर पडतो. तेवढ्यास पाच अँपिअरचा फ्यूज पुरतो. याहून जास्त भार घालावयाचा तर मध्ये रिले हवा, नाहीतर मूळचे बटण जळते.

दिवे किती, यापेक्षा ते कोठे, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. पुतण्याची हौस चार दिव्यांची, तीही झोताच्या. परंतु लांब झोत शेजाऱ्याचा बांध दाखवितो, आपले पाते दाखवीत नाही. पसरट उजेडाचे दोन दिवे दोन्ही मडगार्डांवर उंच, तोंड खाली करून बसविले, म्हणजे एकाची सावली दुसरा पुसतो. समोर मात्र दिवा चालकाच्या डोळ्यांच्या उंचीवर नसावा. उडणारी धूळच उजळते व पांढऱ्या भिंतीखेरीज काही दिसत नाही. ज्या ट्रॅक्टरांना पाठीमागे संरक्षक कमान असते, तिला भोके पाडू नयेत, कडीने दिवा आवळावा. ती कमान ट्रॅक्टर उलटल्यास चालकाचा जीव वाचविण्यासाठी असते.

आणि दिवा लागला म्हणून चालू यंत्राशी जाण्याची मुभा मिळत नाही. इंजिन बंद, किल्ली खिशात, दांडा थांबलेला डोळ्यांनी पाहावयाचा, मगच खाली उतरावयाचे, हे आम्ही पुतण्याकडून वदवून घेतले आहे.

रस्त्याचा प्रश्न निराळा. एके संध्याकाळी तो मागचे दिवे तसेच ठेवून डांबरी रस्त्यावर आला. मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याचे डोळे असे दिपले की बिचारा गटारापर्यंत गेला. सुदैवाने पडला नाही. वाहनाने मागे दाखवावयाचा तो तांबडा दिवा. पांढरा फक्त मागे सरताना, असा नियम आहे. उसाच्या हंगामात मागे धड तांबडा दिवाही नसलेल्या ट्रॉल्या अंधारात आपल्या रस्त्यांवर उभ्या असतात, त्यांवर आपटून माणसे जातात; त्यात ही उलटी भर नको.

“काका, बांध ओलांडायच्या आधी बंद करतो की वो,” असे पुतण्या आता म्हणतो, आणि करतोही. पडवीतून शिवार दिसते. इकडून तिकडे सरकणारा तो उजेड बांधापाशी येऊन विझला, की वहिनी उठून चुलीवर तवा ठेवतात.