गुपित कुणामुळे?

‘हीटेड रायव्हलरी’चे रील्स तुमच्याही फीडवर आले असतीलच. शेन आणि इल्या, आइस हॉकीतले कट्टर प्रतिस्पर्धी. बर्फावर भिडतात, बाहेर चोरून भेटतात. २०२५च्या या कॅनडियन मालिकेतली लीग काल्पनिक आहे, लपवाछपवी मात्र खरी. १९१७मध्ये सुरू झालेल्या एनएचएलमध्ये उघडपणे गे असलेला एकही खेळाडू आजवर सामना खेळलेला नाही. २०२३मध्ये तर लीगने स्टिकवर इंद्रधनुषी टेप लावायलाही मनाई केली. ट्रॅव्हिस डरमॉटने ती झुगारून टेप लावली आणि काही दिवसांतच मनाई उठली. एकाची हिंमतही कामी येते, ती अशी. तुमच्या कॉलेजच्या टीममध्ये कुणाला ‘बायल्या’ म्हणून चिडवलं, तर तुम्ही हसता की थांबवता? शेन-इल्यासाठी शिट्ट्या मारण्याआधी एवढं ठरवा.